खानदेशी हँगरची गोष्ट

धरणगावात यंत्रांचा कारखाना आला तो 1855 साली. कंपनी सरकारनं इथं कापसातून सरकी वेगळी करण्याचं काम सुरू केलं, अमेरिकी धर्तीचे करवती दात्यांचे 93 जिन बसवले आणि देखरेखीला एक युरोपियन माणूस नेमला. तोवर हे गाव कापड आणि कागदासाठी, इंग्रजांच्या जुन्या वखारीसाठी आणि जेम्स आउट्रमनं 1825 साली उभारलेल्या भिल्ल पलटणीच्या ठाण्यासाठी ओळखलं जाई. करवती जिन झपाट्यानं चाले, पण त्याची निगा नीट राहिली नाही की आखूड धाग्याचा देशी कापूस तुटे. दाते घासायला, वाकलेली करवत बदलायला माणूस लागे, आणि तो माणूस जिनसोबत जहाजातून आलेला नव्हता. तो इथंच घडवावा लागला. पुढे चामडी रुळांचे मॅकार्थी जिन आले, भुसावळला रेल्वेची इंजिनं दुरुस्त होऊ लागली, आणि मिस्त्री, फिटर, टर्नर ही माणसं खानदेशात पिढ्यान् पिढ्या तयार होत गेली.

बालकवींच्या या गावाच्या पश्चिमेला धुळे, वायव्येला शिरपूर आणि पूर्वेला जळगाव. तिन्ही ठिकाणी धावपट्ट्या आहेत आणि तिन्ही ठिकाणी वैमानिक घडवण्याचं काम झालं आहे. धुळ्याहून जळगावला एका इंजिनाचं लहान विमान अर्ध्या तासाच्या आत पोचतं. खाली तापीचं पात्र आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग. नकाशा आणि घड्याळ घेऊन वाट काढायला शिकणाऱ्या पोरासाठी याहून सोप्या खुणा मिळणं कठीण.

या विमानांचा इतिहास वैमानिकांच्या नावांनी लिहिला जातो. खानदेशातला त्याचा भाग नीट कळायचा असेल तर मात्र आधी हँगरमध्ये, मिस्त्री-फिटरांच्या त्या जगात, शिरावं लागतं.

सुरुवात मुंबईतून करावी लागेल, कारण खानदेशच्या धावपट्टीवर आलेली परंपरा जुहूची आहे. 1928 साली जुहूला विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. जेआरडी टाटा इथंच उडायला शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळची मॉथ विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. वाटेत उतरायचं, आपणच इंजिन उघडायचं आणि पुढे निघायचं, हा रिवाजच होता.

त्या रिवाजाची उत्तम साक्ष 1930 सालच्या आगा खान स्पर्धेत सापडते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधलं अंतर एकट्यानं उडत पार करणाऱ्या भारतीयासाठी 500 पौंडांचं बक्षीस होतं. जेआरडी कराचीहून निघाले होते, तर 17 वर्षांचा ॲस्पी इंजिनिअर उलट दिशेनं, इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. ॲस्पी अडकून पडला होता. इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. ॲस्पीनं परतफेड म्हणून आपलं जीवरक्षक जाकीट त्यांना दिलं. शर्यत ॲस्पीनं जिंकली, अवघ्या काही तासांच्या फरकानं. हाच मुलगा 1960 मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट दिलदारपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण त्या पिढीला प्लगची किंमत ठाऊक होती, हेही ती सांगते. मुठीत मावणारा तो भाग नसेल तर बाकीचं सगळं विमान जमिनीवरच राहतं.

खानदेशात धावपट्ट्या आल्या त्या सत्तरच्या दशकात. सार्वजनिक बांधकाम खात्यानं 1973 मध्ये जळगावची आणि त्याच सुमारास धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी बांधली. मंत्र्यांचं विमान उतरावं, एखाद्या उद्योगपतीची सोय व्हावी, एवढाच तेव्हा उपयोग. जळगावची धावपट्टी 1997 मध्ये नगरपालिकेकडे आली. दहा वर्षांनी ती महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली आणि 2009 मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार झाला. 23 मार्च 2012 रोजी नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. जळगाव जिल्ह्याच्या या लेकीनं त्याआधी, 25 नोव्हेंबर 2009 रोजी, वयाच्या 74व्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात बसून उड्डाण केलं होतं. जिल्ह्यातल्या मुलींनी वैमानिक होण्याचं स्वप्न पाहायला तेवढं निमित्त पुरेसं होतं.

दरम्यान जुहू दाटून गेलं. हेलिकॉप्टरांची वर्दळ, चहूबाजूंनी इमारती, शेजारी सांताक्रूझचा मोठा विमानतळ. शिकाऊ वैमानिकाला दिवसभर घिरट्या घालत उतरण्याचा सराव करायला तिथं जागाच उरली नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबनं उड्डाणाचं काम गोंदूरला हलवलं. शिरपूरला एसव्हीकेएम संस्थेची एनएमआयएमएस ॲकॅडमी ऑफ एव्हिएशन उभी राहिली. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणानं देशातल्या पाच विमानतळांवर प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबाडी यांच्यासोबत जळगावचं नाव होतं. कापूस आणि केळीच्या पट्ट्यात अशा रीतीनं एक नवा धंदा रुजला.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं, खासगी परवान्यासाठी किमान 40. म्हणजे एकेका विद्यार्थ्यामागे शेकडो वेळा उड्डाण आणि शेकडो वेळा उतरणं आलं. त्यातली कित्येक उतरणी शिकाऊ हाताची, थोडी आपटलेली, थोडी तिरकी. प्रवासी विमान एकदा उडालं की तास-दोन तास एका लयीत चालतं. शिकाऊ विमानाच्या नशिबी सारखा थ्रॉटल पुढे-मागे, ब्रेक, चाकांवर मार. वर खानदेशचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की अडीचशे मीटर उंचीच्या जळगावच्या धावपट्टीवरचं विमान चार हजार फुटांहून अधिक उंचीवर असल्यासारखं वागतं. पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी, धाव लांब. धूळ हवेच्या गाळणीत बसते, तेल लवकर काळं पडतं. अशा हवेत विमान उडतं ठेवणं ही खरी कसोटी आहे, आणि ती देणाऱ्या माणसाचा फोटो कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही.

त्याला विमान देखभाल अभियंता म्हणतात. हँगरमध्ये सगळे एएमईच म्हणतात. शंभर तासांची तपासणी आली की विमान आत ओढलं जातं आणि इंजिनावरची झाकणं उतरतात. इंजिन कोमट असतानाच प्रत्येक सिलिंडरमध्ये 80 पौंड दाबाची हवा सोडायची आणि दुसऱ्या काट्यावर त्यातली किती टिकते ते पाहायचं. काटा खाली गेला की कान लावायचा. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसते की तेलाच्या नळीतून, यावरून वाल्व्ह गळतो की रिंग, ते कळतं. तेलाचा फिल्टर काढून फेकून द्यायचा नसतो. तो गोल कापायचा, आतला घडीचा कागद उलगडून उजेडात धरायचा, चमकणारे कण दिसतात का पाहायचं आणि त्यावर लोहचुंबक फिरवायचा. लोखंड निघालं तर ते कुठल्या तरी भागाची झीज सांगतं. मग प्लग. लहान विमानांच्या इंधनात आजही शिसं असतं. निळसर रंगाचं हे पेट्रोल जळलं की खालच्या बाजूच्या प्लगांत शिशाचे बारीक मणी साठतात. ते टोकदार सळीनं टोकरून काढायचे, फट मोजायची, खालचे प्लग वर आणि वरचे खाली लावायचे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात, कारण एक संच बंद पडला तरी दुसऱ्यावर विमान घरी यावं. शेवटी बोल्ट सैल होऊ नये म्हणून लॉकवायर पिळायची. पीळ चुकीच्या दिशेला पडला तर ती तार काहीच धरत नाही.

सगळं झालं की इंजिन 1700 फेऱ्यांवर नेऊन एकेक मॅग्नेटो बंद करतात. फेऱ्या किती पडतात ते पाहून मगच एएमई लॉगबुकात सही करतो. त्या सहीशिवाय विमान हलत नाही. वैमानिक बदलतात, विद्यार्थी पास होऊन निघून जातात, पण त्या विमानाचं सगळं आयुष्य त्या वहीत एकाखाली एक उतरत जातं.

या कामात एक गोष्ट वरवर उलटी वाटते, पण ती सिद्ध झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची विमानं फार वेळ दुरुस्तीला पडून असत. कारण शोधायला बसवलेल्या शास्त्रज्ञांत कॉनरॅड वॉडिंग्टन होते, पेशानं जीवशास्त्रज्ञ. त्यांनी बिघाडांच्या नोंदी तासांनुसार मांडल्या. ठरलेल्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवे होते. दिसलं असं की तपासणी झाल्या झाल्या ते वाढत आणि पुढे हळूहळू उतरत. नीट चाललेली वस्तू उगाच उघडली की ती बिघडण्याची वाट मोकळी होते. 1978 साली अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला, तेव्हा जेमतेम 11 टक्के भागांच्या बिघाडाचा संबंध त्यांच्या वयाशी असल्याचं निघालं. खासगी वैमानिकांच्या जगात आज यावर जोरात चर्चा चालते. भाग तास भरले म्हणून बदलायचा, की त्याची प्रकृती पाहून? याचं उत्तर तेल तपासणाऱ्या, नोंदी वाचणाऱ्या, विचार करणाऱ्या एएमईकडेच मिळतं. यादीवर खुणा करणं कोणीही शिकेल. पाहिलेल्याचा अर्थ लावायला वर्षं जातात.

आणि चूक झाली तर तिची किंमत कोण देतं, हे खानदेशनं पाहिलं आहे. 16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या ॲकॅडमीचं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला कोसळलं. धरणगावहून तापी ओलांडली की हा मुलूख लागतो. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. रस्ता नव्हता, पाऊस होता. आदिवासी पाड्यावरची माणसं धावली. एका बाईनं अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून जखमी मुलीला डोंगरउतारावरून खाली आणलं गेलं. प्रत्येक अपघात देखभालीमुळे होत नाही. हवामान, भूगोल, निर्णय, शरीर यांतलं काहीही कारण असू शकतं, आणि चौकशी होण्याआधी बोट दाखवणं हा अन्यायच. पण पाड्यावरच्या त्या बाईनं ज्या अपघाताचा भार उचलला, त्यात तिचा काडीचाही वाटा नव्हता. विमान उडवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि नियम करणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवायला हवं.

बारामतीला ऑक्टोबर 2023 मध्ये चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, 19 आणि 22 तारखेला. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, संबंधित संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं आणि देखभालीची तपासणी केली. त्याआधीच्या सहा महिन्यांत त्या संस्थेच्या विमानांच्या बाबतीत अशा पाच घटना घडल्या होत्या. पाचव्या घटनेपर्यंत वाट का पाहावी लागली, हा प्रश्न रास्त आहे.

गोंदूरच्या धावपट्टीच्या वाट्याला मात्र एक अभिमानाचं पानही आलं आहे. मूळचे सातारा जिल्ह्याचे कॅप्टन अमोल यादव हे प्रवासी विमानं चालवणारे वैमानिक. कांदिवलीत स्वतःच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधायला घेतलं. आधीचे दोन प्रयत्न फसले होते. तिसऱ्यातून सहा आसनांचं विमान उभं राहिलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. विमान तयार होतं, पण ते उडवायची परवानगी मिळेना. एकट्या व्यक्तीनं बांधलेल्या विमानाची नोंद कोणत्या नियमात बसवायची, यावरच वर्षं गेली. अर्ज, खुलासे, दिल्लीच्या वाऱ्या. अखेर नोव्हेंबर 2017 मध्ये नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी या खुणेनं. उड्डाणाचा परवाना त्यानंतर आणखी जवळपास दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2019 मध्ये आला. आणि ऑगस्ट 2020 मध्ये, टाळेबंदीच्या त्या विचित्र दिवसांत, ते विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणीसाठी हवेत उचललं गेलं. गच्चीवर जोडलेलं विमान गोंदूरला उडालं. हा प्रसंग खानदेशच्या शाळांतल्या मुलांना सांगितला जायला हवा.

यादवांना जे एकट्यानं लढावं लागलं, त्यासाठी इतरत्र संघटना उभ्या आहेत. अमेरिकेत खासगी विमानमालक आणि वैमानिकांची संघटना, 'ओपा', 1939 मध्ये स्थापन झाली आणि 1950 मध्ये तिनं केवळ सुरक्षेसाठी स्वतंत्र संस्था काढली. घरी विमान बांधणाऱ्यांसाठी पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 साली मिलवॉकीत 'ईएए' ही संघटना सुरू केली. तिथं विमानाचं निम्म्याहून अधिक काम स्वतः केल्याचं दाखवता आलं की ते प्रायोगिक गटात नोंदवता येतं आणि बांधणारा त्याच विमानाच्या वार्षिक तपासणीचा अधिकार मिळवू शकतो. खासगी परवाना असलेला मालक तेल बदलणं, प्लग साफ करणं, टायर बदलणं अशी ठरावीक कामं स्वतः करून सही करू शकतो. मालकाच्या हाताला ग्रीस लागलं की तो आपल्या विमानाचा आवाज ओळखायला शिकतो, आणि तिथल्या वैमानिकांना हा आपला हक्क वाटतो.

आपल्याकडे 1927 पासून एअरो क्लब ऑफ इंडिया आहे, आणि विमानमालक-वैमानिकांची संघटनाही आहे. पण लहान विमानांचा आवाज मोठ्या कंपन्यांच्या गदारोळात क्षीण पडतो. 1934 चा कायदा इतकी वर्षं चालला, आणि त्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 रोजी लागू झाला. अपघातांची चौकशी करणारी वेगळी संस्था, एएआयबी, 2012 मध्ये आली. तोवर नियम करणारं खातंच चौकशीही करी. सुधारणा झाल्या हे मान्य करायला हवं, पण ज्या विमानात एक प्रशिक्षक आणि एक विद्यार्थी बसतो त्याच्याही कागदपत्रांचा भार बहुतेकदा मोठ्या कंपनीच्या मापानं बेतला जातो. जिथं माणसं कमी आणि कागद जास्त, तिथं एएमईचा वेळ इंजिनाऐवजी टेबलावर जातो. हे सुरक्षेच्या बाजूचं नाही.

माणसांची टंचाई हीच आता मुख्य अडचण आहे. एएमईच्या परवान्यात पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी बी-1.2 हा वेगळा गट आहे. हुशार मुलांचा ओढा जेट इंजिनांच्या बी-1.1 कडे असतो, कारण पगार तिथं आहे, शहर तिथं आहे. गोंदूर, शिरपूर, जळगाव इथं काम मात्र पिस्टनचं आहे. धरणगावच्या जिनांनी आणि भुसावळच्या लोकोशेडनं घडवलेल्या मुलखात तंत्रनिकेतनं आहेत, आयटीआय आहेत, यंत्र उघडायला न घाबरणारी पोरं आहेत. त्यांच्यासाठी वैमानिक होण्याचा खर्च आवाक्याबाहेरचा असतो. हँगरमधली वाट तुलनेनं स्वस्त आहे, अवघड आहे आणि सन्मानाची आहे. जिल्ह्यात तिचं शिक्षण सुरू करण्याची मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी. विमानसेवा सुरू व्हावी म्हणून जेवढी आंदोलनं आणि निवेदनं झाली, त्याच्या निम्मी तरी यासाठी व्हावीत.

आणि ज्या घरांतून मुलगा किंवा मुलगी उड्डाण शिकायला निघाली आहे, त्या आई-वडिलांना एक विनंती. लाखो रुपयांचा पहिला हप्ता भरण्याआधी संस्थेत जाऊन हँगर पाहायला मागा. विमानं किती आहेत हे कोणीही सांगेल. परवानाधारक एएमई किती आहेत, एका एएमईच्या वाट्याला किती विमानं येतात, गेल्या वर्षी कोणते बिघाड झाले आणि त्यांचं काय केलं, हे विचारा. लॉगबुक दाखवायला सांगा. दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.